उजळलेली भेग : कोवळ्या बर्फावरचं पाच सेंटिमीटर हिम

आर्क्टिक समुद्राच्या बर्फातली ती पट्टी उपग्रहाच्या रडारचित्रांत चौथ्या दिवसापर्यंत काळी होती. सहाव्या दिवशीच्या चित्रात ती पांढरी निघाली आणि आमच्या वर्गीकरणाच्या प्रोग्रॅमने तिच्यावर ‘जुना बर्फ’ असा शिक्का मारला.

जुना बर्फ म्हणजे निदान एका उन्हाळ्याच्या वितळण्यातून वाचलेला बर्फ. आमच्याच पहिल्या चित्रात, पाच दिवसांपूर्वी, त्या जागी उघडं पाणी होतं. सहा दिवसांत बर्फ म्हातारा होत नाही. तेव्हा चूक झाली होती हे नक्की. ती प्रोग्रॅमची, रडारची की आमच्या समजुतीची, हे शोधायचं होतं. या एका पट्टीपायी आमचे तीन महिने गेले. त्याची ही हकिकत.

जागा स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांच्या उत्तरेची, साधारण ८१ अंश उत्तर अक्षांशावरची. आम्ही बसलो होतो छत्रपती संभाजीनगरात, मार्चच्या दुपारी, पंख्याखाली. चित्रं सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची. ती कुणालाही फुकट मिळतात, म्हणून मराठवाड्यात बसूनही आर्क्टिकचा अभ्यास करता येतो. ‘इथं बसून उत्तर ध्रुवाचं काय करायलाय तुम्ही?’ असं आम्हाला घरीदारी विचारतात. माझं उत्तर साधं आहे : ज्या रडारने आपण आपल्या रानातला ओलावा पाहतो, तेच रडार तिथला बर्फ पाहतं. लहर तीच, खाली काय आहे तेवढं बदलतं.

हे काम माझ्या एका विद्यार्थिनीच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचं. तिचं गाव पैठणच्या डाव्या कालव्याखाली. आधीच्या सत्रात तिने कापूस-तुरीच्या काळ्या जमिनीतला ओलावा रडारवरून ओळखण्याचं काम केलं होतं. पाऊस पडला की चित्रात रान उजळतं, हे तिला तोंडपाठ होतं. जमिनीवर पडलेला बर्फ मात्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत.

एक शब्दाचा खुलासा आधीच करते. बोलताना आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण इथे ते चालणार नाही. पाणी गोठून होतो तो बर्फ, आणि आभाळातून भुरभुर पडतं ते हिम. सगळं प्रकरण या दोघांच्या संबंधाचं आहे.

पट्टी म्हणजे काय होतं

वाऱ्याने आणि प्रवाहाने समुद्रावरचा बर्फ ताणला जातो आणि त्याला भेग पडते. आमची भेग सव्वा-दीड किलोमीटर रुंद आणि चाळीसेक किलोमीटर लांब होती. हवा उणे २५ अंश सेल्सिअसची. अशा थंडीत उघडं पाणी काही तासांत साकळतं. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांना गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते सगळं खाली समुद्रात जात नाही. काही मीठ स्फटिकांच्या फटींत घट्ट मिठवणी, म्हणजे अतिखारट पाणी, होऊन अडकतं, काही वर पृष्ठभागावर ढकललं जातं. १० सेंटिमीटरपर्यंतच्या लवचीक बर्फाला निलास म्हणतात. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येप्रमाणे १० ते ३० सेंटिमीटरचा तो कोवळा बर्फ. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत ३५ भाग मीठ असतं, कोवळ्या बर्फात साधारण दहाच्या आसपास. पण त्याच्या वरच्या कातडीवर जी मिठवणी सुटते ती समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट असते. हाताला चिकट लागावी अशी.

चार दिवस उणे २५ ची हवा धरून वाढीची जुनी सूत्रं चालवली तर बर्फ १८ ते २२ सेंटिमीटर येतो. पुढच्या सगळ्या हिशेबात मी २० धरले आहेत.

सेंटिनेल-१ चं रडार तिरकं पाहतं आणि त्याच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटर आहे. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखी लहर पुढे लोटतो, उपग्रहाकडे काही येत नाही, जागा काळी दिसते. खडबडीत पृष्ठभाग थोडी लहर मागे फेकतो, जागा उजळते. नाथसागराचं पाणी वारा पडलेला असताना रडारच्या चित्रात काळंकुट्ट दिसतं आणि वारा सुटला की तेच पाणी पांढुरकं होतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेलं आहे. कोवळा बर्फ सपाट असतो, म्हणून तो काळा दिसणार हे धरून चाललेलं होतं. जुना बर्फ उजळ दिसतो त्याचं कारण निराळं : उन्हाळ्यात त्याच्यातलं मीठ निथळून जातं, वरच्या थरात हवेचे बुडबुडे राहतात, लहर आत शिरते आणि त्या बुडबुड्यांवरून विखरून परत येते.

पहिल्या दिवशी पाणी. दुसऱ्या दिवशी काळी पट्टी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळीच, किंचित उजळ. पाचव्या दिवशी वादळ. सहाव्या दिवशी एचएच ध्रुवीकरणात (आडवी लहर पाठवून आडवीच टिपायची) सहा डेसिबलची उडी. सहा डेसिबल म्हणजे परत आलेली ऊर्जा चौपट.

आधी ज्यांच्यावर संशय घेतला

पहिला संशय यंत्रावर. सेंटिनेल-१ चा समुद्रावरचा पट्टा ४०० किलोमीटर रुंद असतो आणि त्यात आपतन कोन, म्हणजे लहर उभ्या रेषेपासून किती तिरकी पडते तो कोन, १९ पासून ४७ अंशांपर्यंत बदलतो. कोन वाढला की बर्फ अंधूक दिसतो, अंशामागे साधारण पाव डेसिबल. आमची पट्टी चौथ्या दिवशी ३१ अंशांवर होती, सहाव्या दिवशी ३५ वर. म्हणजे कोनाच्या हिशेबाने ती एखाद्या डेसिबलने आणखी काळी व्हायला हवी होती. कोन सुटला.

दुसरा संशय वाऱ्यावर. वादळाने भेग पुन्हा फाकली असेल आणि खवळलेलं पाणी उजळ दिसत असेल. पण शेजारच्या तुकड्यांच्या खुणा धरून आम्ही पट्टीचे काठ मोजले. रुंदी दोन पिक्सेलच्या आत तेवढीच होती. एक पिक्सेल ४० मीटरचा. शिवाय फाकलेल्या पाण्याला काठाशी फाटेफुटे असतात, इथे काठ जसेच्या तसे होते.

तिसरा संशय, बर्फ चेपून उंचवटे उठले असतील. चेपला असता तर पट्टी अरुंद झाली असती आणि उजेड रेघारेघांचा दिसला असता. आमचा उजेड दुधाच्या सायीसारखा एकसारखा पसरलेला होता.

चौथा संशय हिमफुलांवर, आणि त्यावर आम्ही बरेच दिवस अडकलो. फार थंड, शांत हवेत ताज्या बर्फावर बाष्पाची फुलं उमलतात. एक ते तीन सेंटिमीटरची, पिसासारखी. खालची मिठवणी ती वर ओढून घेतात, आणि त्यांचं मीठ हजार भागांत शंभराच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. ती आली की सी-बँड रडारमध्ये, म्हणजे सेंटिनेलसारख्या साडेपाच सेंटिमीटर लहरीच्या रडारमध्ये, कोवळा बर्फ उजळतो, हे चांगलं माहीत असलेलं आहे. तिसऱ्या दिवसाची किंचित उजळी त्यांचीच असावी असं मला आजही वाटतं. पण सहाव्या दिवसाला ती लागू पडेनात. वादळी वाऱ्यात ही फुलं टिकत नाहीत, मोडतात किंवा हिमाखाली गाडली जातात. शांतता हवी होती तेव्हा उजेड थोडा आणि वादळानंतर उजेड भरपूर, हे गणित उलटं येत होतं.

राहिलं हिम. युरोपच्या हवामान केंद्राच्या ईआरए-५ या तासागणिक माहितीत पाचव्या दिवशीचा हिमवर्षाव स्पष्ट होता. पाण्यात मोजला तर सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे वाऱ्याने दाबलेल्या ताज्या हिमाचे पाचेक सेंटिमीटर. त्याच दिवशी हवा उणे २५ वरून उणे १० च्या आसपास आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरली. स्वालबार्डच्या उत्तरेला असंच होतं. हिम घेऊन येणारी वादळं दक्षिणेकडून ऊबही घेऊन येतात. २०१५ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत नॉर्वेचं ‘लान्स’ हे जहाज याच भागात बर्फात अडकवून वाहत ठेवलं होतं. त्या मोहिमेलाही एकामागून एक वादळं भेटली, आणि बर्फावर जाड हिम सापडलं.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हिमाचं तर आपण पहिल्याच दिवशी खोडून टाकलं होतं.”

खरं होतं. खोडणारी मीच.

पाठ्यपुस्तकातलं वाक्य

कोरडं हिम सी-बँड रडारला पारदर्शक असतं. हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे, आणि वाक्य म्हणून ते बरोबर आहे. कोरड्या, गोड्या हिमात साडेपाच सेंटिमीटरची लहर कित्येक मीटर आत जाते. हिमनद्यांवर, ग्रीनलंडच्या उंच पठारावर हे पदोपदी दिसतं. त्यातून मी पुढचं वाक्य आपल्या मनाने जोडलं होतं : म्हणून पाच सेंटिमीटर हिमाने काही फरक पडणार नाही. ही माझी चूक होती आणि ती साधी नव्हती, कारण अशा चुकीमुळे योग्य उत्तर यादीतूनच निघून जातं.

खारट बर्फावर पडलेलं हिम फार काळ गोडं आणि कोरडं राहत नाही, हे मला वाचून माहीत होतं. पण वाचून माहीत असणं आणि संशयाच्या वेळी आठवणं, यात अंतर असतं. ते अंतर तिच्या गावात मिटलं.

मीठफुटीचं शेत

एप्रिलमध्ये ओलाव्याच्या जुन्या कामासाठी मातीचे नमुने आणायला आम्ही तिच्या गावी गेलो होतो. जायकवाडीचं पाणी १९७६ नंतर या भागात आलं. ऊस आला, आणि जिथे निचरा नव्हता तिथे भूजल वर आलं. त्यांच्या सहा एकरांपैकी कालव्याकडच्या दीड एकरात उन्हाळ्यात मीठ फुलतं. काळ्या मातीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. लोक सरसकट ‘चोपण’ म्हणतात. खरं तर चोपण जमीन वेगळी, सोडियमने घट्ट झालेली, पाणी न शोषणारी. ही क्षारांची, खारवट. विहिरीचं पाणीही मचूळ झालेलं.

तिचे वडील बांधावर आमच्याबरोबर उभे होते. तिने सहज विचारलं, “अण्णा, या पट्ट्यात तर तुम्ही पालापाचोळा टाकला होता ना? तरी कसं काय मीठ आलं?”

ते म्हणाले, “माय, मीठ काय वरून पडायलंय का? ते खालून चढायलंय. वर भुसभुशीत काही दिसलं की त्यात शिरतंय.” मग माझ्याकडे वळून : “मॅडम, कंदिलाच्या वातीवानी हाय बघा हे.”

परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ गप्प होती. बिडकीन गेल्यावर म्हणाली, “मॅडम, हिम म्हणजे वातच झाली ना?”

इथे एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर उपमा आपल्याला फसवेल. शेतात मीठ वर येतं ते मुख्यतः उन्हामुळे. पाणी वर चढतं, उडून जातं, मीठ मागे राहतं. आर्क्टिकच्या मार्चमध्ये तसं ऊन नसतं. तिथे मिठवणी बर्फाच्या पृष्ठभागावर आधीच सुटलेली असते, आणि तिच्यावर बारीक कणांचं हिम पडलं की कणांमधल्या अरुंद फटी तिला केशाकर्षणाने वर ओढतात. कोवळ्या बर्फावरच्या हिमाचा तळ असाच खारट होतो. वरचे काही सेंटिमीटर कोरडे, गोडे राहतात आणि खालचे एक-दोन ओलसर, खारट चिखलासारखे होतात. चालना देणारी शक्ती शेतात वेगळी आणि बर्फावर वेगळी, वात मात्र दोन्हीकडे आहे.

फ्रीजर

मोजायला आर्क्टिकला जाता येणार नव्हतं. पण समुद्रापासून दूर बसून सागरी बर्फ बनवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हरला, लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेत, १९८० च्या दशकात कृत्रिम खाऱ्या तळ्यांवर बर्फ वाढवून त्याच्यावर रडार रोखलं गेलं. कॅनडात विनिपेगमधल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या परिसरातही असंच खाऱ्या पाण्याचं तळं आहे. आमच्याकडे एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा आडवा डीप फ्रीजर होता, उणे १८ चा.

थर्माकोलच्या खोक्यात वीस लिटर पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ आणि खाण्याचा लाल रंग. खोक्याच्या बाजू-तळ झाकलेले, वरची बाजू उघडी, म्हणजे समुद्रासारखं वरून खाली गोठेल. रंग मिठासारखाच बर्फाबाहेर टाकला जातो आणि मिठवणीत गोळा होतो, त्यामुळे मिठवणी कुठे गेली हे डोळ्यांना दिसतं. हिमासाठी गोळ्याचा किस वापरायचा विचार होता; पण त्याचे तुकडे जाडे आणि ओले. फ्रीजरच्या भिंतीवर साचलेलं पांढरं भुसभुशीत दव आम्ही खरवडून घेतलं. ते पुष्कळच खऱ्या हिमासारखं होतं.

पहिला प्रयोग बाद केला. तीन तासांत लाल रंग हिमात दोन बोटं चढला आणि सगळे खूश झाले. मग लक्षात आलं की बंद खोक्यात पाणी गोठताना फुगतं, खाली जायला वाट नसते, आणि त्या दाबाने मिठवणी वरच्या फटींतून बाहेर ढकलली जाते. समुद्राला तळ असा बंद नसतो. आमचा अर्धा रंग खोक्याने चढवला होता. दुसऱ्या वेळी तळाला नळी लावून बाहेर मोकळी सोडली, दाब निघून गेला. आता रंग चढला तो कमी, जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पण तो विश्वासाचा. त्याच बर्फावर एका कोपऱ्यात हिम न टाकता जागा उघडी ठेवली होती. तिथे पातळ लाल कातडी होती, तेवढीच.

तिने सुरीने हिमाचा तळ उभा कापला. खालची कड सरळ रेघेत नव्हती. कुठे रंग उंच चढलेला, कुठे कमी, कुठे खारट ओल्या हिमाचे बारीक उंचवटे गोठून घट्ट झालेले. मिलिमीटरांतले. रडारला काय दिसलं असेल, ते मला त्या कापाने दाखवलं.

हिशेब

आता आकड्यांकडे. हिम तिथे चार कामं करतं, आणि ती चारही एकाच दिशेने ओढतात.

हिम पांघरूण आहे. अशा दाबलेल्या हिमाची उष्णता वाहकता ०.२ च्या आसपास, बर्फाची २ च्या आसपास, म्हणजे दहापट. हवा उणे २५, बर्फ २० सेंटिमीटर, आणि पृष्ठभागावरचा वाऱ्याचा थरही धरला, तर उघड्या बर्फाचा माथा उणे १५-१६ वर राहतो. त्यावर पाच सेंटिमीटर हिम टाकलं की तोच माथा उणे ७ पर्यंत उबदार होतो. वादळाच्या दिवशी, हवा उणे १० असताना, उणे ४ पर्यंत. बर्फ तोच, पण ऊब वाढली की त्याच्या फटींच्या भिंती वितळून मिठवणीला जागा करून देतात. हजारात १० मीठ असलेल्या बर्फात उणे १५.७ ला मिठवणीचा वाटा साडेतीन टक्के येतो, आणि उणे ७.४ ला सात टक्के. दुप्पट. शुद्ध बर्फाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (रडारच्या लहरीला पदार्थ किती जोराने प्रतिसाद देतो त्याचं माप) ३.२ च्या आत, द्रव पाण्याचा या लहरीला पन्नासच्या वर. मिठवणी दुप्पट झाली की पृष्ठभाग रडारला जास्त ‘टणक’ लागतो, लहर जास्त जोराने परत फिरते. पावसानंतर काळं रान उजळतं, तेच हे.

दुसरं काम वातीचं. त्याने बर्फ आणि हिम यांच्यामधली गुळगुळीत सीमा जाऊन तिथे खारट, ओबडधोबड थर येतो.

तिसरं काम मला सगळ्यांत सुंदर वाटतं, कारण त्यात हिमाला ओलं किंवा खारट होण्याचीही गरज नाही. वाऱ्याने दाबलेल्या कोरड्या हिमाचा अपवर्तनांक सव्वाच्या जवळ. हवेत ३५ अंशांनी आलेली लहर हिमात शिरून २७ अंशांवर वळते, म्हणजे बर्फावर अधिक सरळ पडते. तिची लांबीही साडेपाचवरून साडेचार सेंटिमीटरच्या आत येते. पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे उंचवटे लहरीच्या मानाने केवढे यावर ठरतं. ठोकळ नियम असा : लहरीची लांबी भागिले (आठ गुणिले कोनाची कोज्या). उघड्या बर्फाला ही मर्यादा साडेआठ मिलिमीटर येते, हिमाखाली सहा मिलिमीटर. म्हणजे सात मिलिमीटरचे उंचवटे असलेला बर्फ उघडा असताना रडारला गुळगुळीत, आणि हिमाखाली खडबडीत. बर्फावर काही न होता! हिमामुळे बर्फाच्या सीमेवरचा दोन पदार्थांमधला फरक कमी होतो आणि उजेड थोडा घटायलाही हवा, हे मान्य. पण मिठवणीने ती घट भरून निघते.

चौथं काम ओझ्याचं. २० सेंटिमीटर बर्फाचा फक्त दोन सेंटिमीटर भाग पाण्यावर असतो. आमच्या पाच सेंटिमीटर हिमाने तो एकावर आला. वाऱ्याने हिम एका जागी सात-आठ सेंटिमीटर साचून आणखी दाबलं गेलं, तर तिथे बर्फाचा माथा पाण्याखाली जातो आणि फटींतून समुद्र वर येतो. संपूर्ण पट्टीत हे झालं असेल असं मी म्हणत नाही. एवढ्या हिमाला ते जमत नाही. साचलेल्या ढिगांखाली मात्र झालंच असणार.

पडताळा

जुन्या बर्फाशी गल्लत झाली होती, म्हणून त्याच्यापासून वेगळं करणारी खूण हवी होती. ती एचव्ही ध्रुवीकरणात मिळाली. आडवी लहर पाठवून उभी परत येते का हे त्यात पाहतात. बुडबुड्यांच्या गर्दीत लहर अनेकदा आपटली की ती वळते. सपाट सीमेवरून एकदाच परतलेली फारशी वळत नाही. आमची पट्टी एचएचमध्ये शेजारच्या जुन्या तुकड्याइतकी उजळ होती, पण एचव्हीमध्ये त्याच्यापेक्षा खूप खाली, जवळजवळ यंत्राच्या गोंगाटाच्या पातळीवर. याच कारणाने प्रोग्रॅम फसला होता. सेंटिनेलच्या रुंद पट्ट्यात एचव्हीचा गोंगाट पट्ट्या-पट्ट्यांनी बदलतो, म्हणून आम्ही प्रोग्रॅमला शिकवताना एचव्हीला कमी वजन दिलं होतं. गोंगाट नीट वजा करून पुन्हा पाहिल्यावर फरक लख्ख दिसला.

दुसरी खूण लांब लहरीची. जपानच्या अ‍ॅलॉस-२ उपग्रहाचं त्याच आठवड्यातलं एक चित्र हाती लागलं. त्याची एल-बँड लहर सुमारे २३ सेंटिमीटरची. मिलिमीटरांतले उंचवटे तिला जाणवत नाहीत. त्यात आमची पट्टी काळीच होती, वादळानंतरही. हे चित्र स्क्रीनवर उघडलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. ती उठून पंखा बंद करून आली, का ते तिलाही सांगता आलं नाही.

विद्यार्थी लगेच निसारबद्दल विचारतात. इस्रो आणि नासाचा तो उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावर २४ सेंटिमीटरचं एल-बँड आणि आपलं एस-बँड दोन्ही आहेत. कोवळ्या बर्फासाठी ही जोडी मोलाची आहे, विशेषतः अंटार्क्टिकच्या समुद्रात. आमच्या पट्टीला त्याचा उपयोग नाही. निसार डावीकडे पाहत फिरतो, दक्षिण ध्रुवाजवळपर्यंत त्याची नजर पोचते, पण उत्तरेला साडेसत्त्याहत्तर अंशांच्या पलीकडे नाही. ८१ अंश त्याच्या बाहेर.

शिक्का चुकला तर बिघडतं काय? हिवाळ्यात समुद्राची ऊब हवेत जाते ती मुख्यतः या भेगांतून. आमच्या हिशेबात उघड्या २० सेंटिमीटर बर्फातून दर चौरस मीटरला १४० वॉट जातात. पाच सेंटिमीटर हिमाखाली ५५. आणि तीन मीटर जुना बर्फ, वर ३० सेंटिमीटर हिम असं धरलं तर दहाच्याही आत. ‘जुना’ म्हटलं की उष्णतेचा आकडा सहापट चुकतो, आणि ‘उघडा कोवळा’ म्हटलं तरी अडीचपट चुकतो. त्या वाटेने जाणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला तर नकाशावर तीन मीटर की वीस सेंटिमीटर हा फरक जगण्याचा आहे.

आम्ही प्रोग्रॅममध्ये केलेला बदल छोटा आहे. आधी प्रत्येक चित्र स्वतंत्र तपासलं जाई. आता प्रत्येक पिक्सेलला त्याचा इतिहास जोडलेला असतो : उघडं पाणी शेवटचं कधी दिसलं, त्यानंतर थंडी किती साचली, हिम कधी आणि किती पडलं. त्या वयाला जे शक्य नाही ते प्रोग्रॅमला म्हणता येत नाही. आणि एक नवा वर्ग घातला, ‘हिमाखालचा कोवळा बर्फ’. तिच्या मार्गदर्शन समितीत यावर आक्षेप आला, की रडारला वेगळा न दिसणारा वर्ग कशाला. तिने अण्णांच्या शेताचा फोटो दाखवला : एकाच रानात ओल्या मातीची उजळी आणि क्षाराची उजळी. चित्रात दोन्ही सारख्या, पण पेरणीला सारख्या नाहीत. आक्षेप मागे घेतला गेला.

पट्टीचं पुढे काय झालं, तेही सांगते. सातव्या ते दहाव्या दिवशी हवा पुन्हा उणे २५ ला गेली, पण पट्टी पुन्हा काळी झाली नाही. उजेड एखाद्या डेसिबलने उतरला आणि तिथेच राहिला, कारण हिमाच्या तळाचा खारट चिखल आता गोठून ओबडधोबड झालेला होता. अकराव्या दिवशी वारा फिरला. बाराव्या दिवशीच्या चित्रात काठ एकमेकांच्या जवळ आले होते, आणि पट्टीच्या मध्यातून एक बारीक, तुटक, झगझगीत रेघ गेली होती. एचएचमध्येही आणि एचव्हीमध्येही. भेग मिटत होती, बर्फ चेपून उभा राहत होता. तिने त्या रेघेवर स्वतःच्या हाताने नवा वर्ग टाकला आणि चित्राची तारीख लिहिली.